बाईंचा मागे घेतलेला पेपर

'सिद्ध झालं' हा शब्द बाईंसमोर उच्चारायची सोय नव्हती. एम.एस्सी.ची एखादी मुलगी उत्साहाच्या भरात म्हणून जायची, "बाई, सिद्ध झालं, ही बुरशी आधी मुळालाच धरते," की बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघायच्या.

"सिद्ध कोर्टात होते, पोरी. आपल्या इथं नुसतं दिसते. तुले काय दिसलं ते सांग."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बाकी सगळ्या प्राध्यापिका 'मॅडम' होत्या, या एकट्याच 'बाई'. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, तेही वऱ्हाडीत. पुण्याहून परीक्षक आले तरी त्यात फरक पडत नसे. सुती साडीवर पुरुषी शर्ट, पायात कापडी बूट आणि पर्समध्ये खुरपं. एकदा प्राचार्यांच्या मुलीच्या रिसेप्शनमध्ये लॉनच्या कडेचं एक मरतुकडं लिंबाचं झाड त्यांना दिसलं. जरीच्या साडीत उकिडवं बसून त्यांनी त्याची मुळी उकरली, नाकाशी धरली, आणि आहेर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माझ्या हातात दिली. "घे, वास घे. सडकी मुळी अशी येते वासाले." नवरानवरीला आहेर देताना माझ्या हाताला तो वास होता.

संत्री हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मोर्शीकडच्या बगिच्यांत त्यांची हयात गेली. पण मी त्यांना संत्रं खाताना कधी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "वळखीच्यायले कोनी खाते काव?"

आम्ही लिहून दिलेल्या मजकुरावर त्यांचा शेरा एकच असायचा. लाल पेनानं, समासात, 'काहून?' म्हणजे 'का?'. माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या प्रकरणावर इतके 'काहून' होते, की मूळ मजकूर वाचायला त्रास व्हायचा. मी रडकुंडीला आले होते. त्या म्हणाल्या, "माह्यावर पन लिव्हत जा नं. मले कोनी इचारतच नाई."

खरोखरच त्यांना कुणी काही विचारत नसे, कारण त्यांचं नाव मोठं होतं. तरुणपणी त्यांनी एक पेपर छापला होता, परदेशातल्या चांगल्या जर्नलमध्ये. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो, झाड वाळत जातं, त्याला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. बाईंनी मातीतलीच एक उपकारक बुरशी वेगळी काढली, शेणखतात वाढवून झाडांच्या आळ्यात घातली, आणि ती झाडं सावरली. शेजारची, बुरशी न घातलेली झाडं वाळली. पुढे जगभरच्या लोकांनी त्या पेपरचा आधार घेतला. एका कंपनीनं तीच बुरशी पाकिटात भरून विकायला काढली. पाकिटावर बाईंचं नाव नव्हतं, पण 'अमरावतीच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली' असं छापलेलं असायचं. कॉलेजात कुणी पाहुणे आले की प्राचार्य बाईंना बोलावून घेत आणि त्या पेपरची चौकट दाखवत. त्यांच्या खोलीत भिंतीवर लावली होती ती. बाई मान खाली घालून उभ्या राहायच्या.

त्या पेपरवर दोन नावं होती. दुसरं नाव त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्याचं. ते पुढे अकोल्याला एका कॉलेजात गेले, विभागप्रमुख झाले. आम्ही त्यांना अकोल्याचे सर म्हणत असू.

मी बाईंकडे आले तेव्हा सगळीकडे पेपरांचा सुकाळ झाला होता. बढतीला पॉइंट लागत, पॉइंटांना पेपर लागत, आणि पैसे भरले की चार दिवसांत पेपर छापून देणारी जर्नलं घरबसल्या मेल पाठवत. बाई स्टाफरूममध्ये ते मेल मोठ्यानं वाचायच्या, वऱ्हाडीत भाषांतर करून. "'हे थोर इद्वान बाई, तुमच्या तेजानं आमचे डोये दिपून गेले. येत्या सुक्करवारपर्यंत कोन्तंबी लेखन पाठवा.' पाहा बाप्पा. कोन्तंबी म्हन्ते!" सगळे हसायचे. पण हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या शुक्रवारपर्यंत काहीतरी पाठवलेलं असायचं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्या कुणाला बोलत नसत. एकदाच मला म्हणाल्या, "त्याईलेबी लेकरं हायेत, पोरी. पन वाचनाऱ्यानं मंग काय वाचाव?"

माझा विषय त्यांच्याच पेपरातून निघाला होता. ती बुरशी किती खोलवर घातली तर जास्त गुण येतो, एवढंच मला बघायचं होतं. मी कॉलेजच्या मागच्या जागेत कुंड्यांमध्ये जंबेरीची रोपं लावली. जंबेरी म्हणजे ज्यावर संत्र्याचा डोळा बांधतात तो खुंट. सगळ्या कुंड्यांत डिंक्याचा रोग सोडला, निम्म्यांत बाईंची बुरशी घातली, निम्म्यांत नाही. दोन्हीकडची रोपं सारखीच मेली.

मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाईंना सांगायची हिंमत होईना. शेवटी सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. स्वतः बसल्या, स्वतःच्या हातानं माती भाजली, बुरशी वाढवली, रोपं लावली. त्या दिवसांत त्या वर्गावर सोडून कुणाशी बोलत नसत. त्यांची रोपंसुद्धा मेली.

भाद्रपदात, सतत झड लागलेली असताना, बाई मला म्हणाल्या, "चाल, मोर्शीले जाऊ."

जिथं मूळ प्रयोग झाला तो बगीचा अजून होता. झाडं नवी, जागा तीच. मालक आता म्हातारे झाले होते. त्यांनी बाईंना ओळखलं, चहा टाकायला सांगितला. बाई छत्री न उघडता तडक आत शिरल्या. मी मागे. खालच्या अंगाला, नाल्याकडे, चिखल असा होता की बाईंचा बूट रुतला आणि पाय नुसत्या मोज्यात वर आला. बूट हातात घेऊन त्या तशाच ओळीओळीनं वर चढत गेल्या. वरच्या अंगाला जमीन किंचित मुरमाड होती. तिथं पाऊस पडत होता तरी पाणी साचलेलं नव्हतं. बाई थांबल्या. मागे वळून नाल्याकडे पाहिलं. मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओल्या गवतात बसल्या.

मालक छत्री घेऊन धावत आले. "बाई, काय झालं? चक्कर आली काय?"

"भाऊ, त्या वक्ती औषध घातलेले झाडं इकडचे होते नं? वरचे?"

"हो. तुमीच तं म्हनलं होतं, इकून सुरू करू म्हून."

"अन् बिनऔषधाचे नाल्याकडचे."

"हो."

बाईंनी हातातला बूट गवतावर ठेवला. मला तोवर कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. वरची झाडं जगली, कारण त्यांच्या मुळाशी पाणी थांबत नव्हतं. खालची सडली, कारण थांबत होतं. बुरशीचा त्यात काही संबंध नव्हता.

"चर खोदाले पाहिजे होते," बाई म्हणाल्या. "नुसते चर. अन् मी पाकिटं विकत घ्याले लावली लोकायले."

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. अमरावती आली तेव्हा म्हणाल्या, "तो पेपर वापस घ्याव लागन."

मी घाबरले. निवृत्तीला त्यांना थोडाच अवधी उरला होता. मी म्हटलं, "बाई, नवीन पेपर लिहू ना आपण. त्यात सांगू की आता वेगळं दिसलं म्हणून."

"नवा लिहूच. पन जुना तसाच राह्यला तं लोक जुनाच वाचतीन. त्याच्यात आनंद हाय, आपल्या नव्यात काय हाय?"

जर्नलला त्यांनी मेल लिहिला. उत्तर आलं की सर्व लेखकांची संमती लागेल. म्हणजे अकोल्याच्या सरांची. फोनवर नको म्हणाल्या. बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही दोघी अकोल्याला गेलो. उन्हाळा सुरू झाला होता. सरांच्या घरी कूलर मोठ्यानं चालू होता. सर बाईंच्या पाया पडले, त्यांच्या पत्नीनं कैरीचं पन्हं दिलं. त्या वर्षी सरांचं नाव प्राचार्यपदासाठी चर्चेत होतं.

बाईंनी सगळं सांगितलं. बगीचा, उतार, नाला. सर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी उठून कूलर बंद केला.

"बाई, कोण वाचतं आता तो पेपर? पडू द्या तिकडं."

"लोक वाचून राह्यले. पाकिटं घेऊन राह्यले."

"पाकिटं कंपनी विकते. आपण नाही."

"आपल्या नावावर विकते."

सरांच्या चेहऱ्यावर मला वाटला होता तसा धूर्तपणा नव्हता. ते म्हणाले, "बाई, ती झाडं मी मोजली होती. मे महिन्यात. एकेका झाडाचा डिंक मी खरवडला. त्यानंतर मी जे काय छापलं, ते कसं छापलं हे तुम्हालाही ठाऊक आहे. यादी मोठी आहे माझी. पण त्यात खरा पेपर हा एकच आहे. तोच तुम्ही मागे घ्या म्हणता."

बाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. "खराच हाय तो. चुकला, पन खरा हाय. म्हून तं वापस घ्याचा. ते बाकीचे काहून वापस घ्याचे? त्याईत चुकाले तरी काही हाय काय?"

सर रडले. पण सही त्यांनी दिली नाही. स्टेशनवर सोडायला आले, बाईंच्या हातात पाण्याची बाटली दिली, गाडी हलेपर्यंत उभे राहिले. बाई खिडकीतून म्हणाल्या, "इचार कर." त्यांनी मान हलवली.

त्यानंतर बाई जर्नलला लिहीत राहिल्या. कधी उत्तर यायचं, कधी नाही. एकीकडे आमच्या नव्या प्रयोगांचा पेपर आम्ही जिथे जिथे पाठवला, तिथून तो परत आला. बुरशीचा उपयोग होत नाही, एवढंच त्यात होतं. यात नवीन काही नाही, असं सगळीकडून एकसारखं उत्तर. बाई ते वाचून हसल्या. "चुकीचं होतं तवा नवं होतं. बरोबर झालं तं जुनं झालं."

शेवटी ते जर्नल दुसऱ्या मोठ्या प्रकाशकानं घेतलं, आणि नव्या मंडळींनी जुना पत्रव्यवहार उपसताना बाईंचे मेल पाहिले असावेत. एक दिवस, सरांच्या सहीवाचूनच, पेपर मागे घेतला गेला. इंटरनेटवर त्याच्या प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का पडला. खाली दोन ओळींची सूचना: निष्कर्षांवर भरवसा ठेवता येत नाही, सबब लेख मागे घेण्यात येत आहे. मागणी कुणी केली, का केली, याचा एक शब्द नव्हता.

गावात बातमी कुणी दिली कोण जाणे. वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीत मथळा आला, 'प्राध्यापिकेचे जागतिक संशोधन बोगस'. फोटो बाईंचा, हातात संत्र्याची फांदी असलेला, कौतुकाच्या दिवसांतला.

चौकशी समिती बसली. बाईंनी समितीसमोर आपले मेल ठेवले. समितीतले एकजण म्हणाले, "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण तुम्ही हे कशाला केलं? कुणी तक्रार केली होती का?"

"नाई."

"मग?"

"मले दिसलं."

हे उत्तर त्यांना उद्धटपणाचं वाटलं. अकोल्याच्या सरांनी लेखी कळवलं, की ते त्या काळी विद्यार्थी होते आणि प्रयोगाची मांडणी सर्वस्वी बाईंची होती. ते खोटंही नव्हतं. बाईंचं गाइडपद काढून घेतलं. मला दुसऱ्या गाइडकडे दिलं गेलं. प्राचार्यांच्या खोलीतली चौकट उतरवली, तिथे भिंतीवर फिका चौकोन राहिला. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. विभागातल्या आम्ही तिघीचौघी आलू बोंडे आणून प्रयोगशाळेत बसलो. बाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगला हाय." बस, तेवढंच भाषण.

लोकांना वाटलं त्या आता घरी बसतील. पण त्या मोर्शीच्या बाजूला हिंडायला लागल्या. एसटीनं जायच्या, बगिच्यात शिरायच्या, मालकाला सांगायच्या की पाकीट आणू नका, ओळींच्या मधून चर काढा. काही ऐकायचे. बरेचसे म्हणायचे, बोगस म्हणून पेपरात आलं होतं ते या बाईचंच ना? मी एकदा सोबत होते. एका तरुण बागायतदारानं त्यांना तोंडावर विचारलं, "दुसऱ्या कंपनीनं किती देल्ले हो बाई तुमाले?" बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, त्याच्याच फावड्यानं दोन हात चर खोदून दाखवला, फावडं धुऱ्याला टेकवलं आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. एसटीची वाट बघताना म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? आमीच सांगतलं व्हतं नं आंधी, की पाकीट घाला."

माझी पीएच.डी. झाली. मला अकोल्यात नोकरी लागली. बाईंकडे जाणं महिन्या-दोन महिन्यांवर गेलं. त्यांना पोटाचा आजार निघाला तेव्हा धारणीची त्यांची धाकटी बहीण येऊन राहिली. या मावशी विधवा होत्या, शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या, आणि ताई म्हणजे त्यांचा देव. बाई अंथरुणावर मोबाइल घेऊन पडलेल्या असायच्या. त्या लाल शिक्क्याच्या पेपरचा आधार अजूनही कुणी ना कुणी घेत असे, आणि तसा मेल त्यांना यायचा. "हे पाह्य," त्या मला म्हणायच्या, "मेला तरी लग्नाच्या पत्रिका येऊनच राह्यल्या त्याले." मग त्या माणसाला लिहायच्या, एकेका बोटानं, थांबत थांबत: हा लेख मी मागे घेतला आहे, कृपया वापरू नये. उत्तरं आलेली मी पाहिली नाहीत. शेवटी शेवटी बोटं चालेनात तेव्हा त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची.

एकदा मी विचारलं, "बाई, पस्तावा होतो का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "होते नं. लय होते. झाडं आधी चिठ्ठ्या टाकून निवडले असते तं? औषधाले वरचेबी आले असते, खालचेबी आले असते. इतकीशी गोष्ट. ते मीच तुमाले शिकवलं, अन् मीच केलं नाई. सोपं व्हतं म्हून वरून सुरू केलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्याचा पस्तावा होते. वापस घेतला त्याचा नाई."

पौषात बाई गेल्या.

शोकसभा कॉलेजनं ठेवली. मला आश्चर्य वाटलं, पण मेलेल्या माणसाला सगळे माफ करतात, तसंच काहीसं असावं. बाईंचा फोटो, हार, उदबत्ती. अकोल्याचे सर आता प्राचार्य होते. ते मुद्दाम आले होते. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी आधी फोटोला वाकून नमस्कार केला. बाईंच्या वऱ्हाडीबद्दल बोलले, खुरप्याबद्दल बोलले, लोक हसले, डोळे पुसले. आणि मग ते म्हणाले, "काही लोकांनी काहीही म्हणो, संत्र्याच्या डिंक्यावर जगात पहिला उपाय शोधला तो आमच्या बाईंनी. तो शोध त्यांच्यापासून कुणी हिरावून घेऊ शकत नाही." टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत मावशी बसल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. किती दिवसांनी बहिणीबद्दल कुणी चारचौघांत चांगलं बोललं होतं.

सूत्रसंचालकांनी माझं नाव घेतलं. बाईंची शेवटची विद्यार्थिनी, दोन शब्द बोलेल.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "बाईंचा तो शोध चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे बाईंनीच शोधलं. कुणी मागितलं नसताना सांगितलं. मरेपर्यंत सांगत होत्या. आपण त्यांना तो शोध परत देऊ नये. त्यांना तो नको होता."

टाळी वाजली नाही. सर खाली बघत होते. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आपण मौन पाळू या. सगळे उभे राहिले.

नंतर आम्ही काही जण बाईंच्या घरी गेलो. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी जवळ गेले तशा त्या किंचित मागे सरकल्या.

"आजच्या दिवशी तरी काहून बोलली व असं? ते सर किती चांगलं बोलले."

"मावशी, बाईंनाच ते..."

"मले नाई समजत तुमचं ते. मले एकच सांग. खरं सांगजो. लग्न नाई केलं. जलमभर त्या बगिच्याईत फिरली. मंग तिनं काही शोधलंच नाई काय?"

"शोधलं ना मावशी. चूक शोधली."

"कोनाची?"

"स्वतःची."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी आणखी सांगेन, अशी त्यांना आशा असावी.

"त्याले काय शोधाव लागते व," त्या म्हणाल्या, आणि बाहेर पाहुणे ताटकळले होते म्हणून चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.